पहिलं की दुसरं

कंपनीचा माणूस चार वाजता येणार होता, आणि साडेअकरा वाजून गेले तरी तिघा भावंडांतल्या दोघांचंसुद्धा एकमत होत नव्हतं.

रविवार असल्यामुळे चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. सगळे तपासणीच्या खोलीत बसले होते. घरात बसलं की थोरले आणि धाकटे पाच मिनिटांत एकमेकांवर चढायचे. इथे मात्र, गिऱ्हाइकांसमोर जन्म गेल्यामुळे, दोघांचाही आवाज आपोआप खाली राहायचा. म्हणून घरातले अवघड विषय याच खोलीत, अक्षरांच्या तक्त्यासमोर काढायचे, असं न ठरवताच ठरून गेलं होतं.

थोरले डोळे तपासत. धाकटे बाहेरच्या काउंटरवर उभे राहून फ्रेम्स विकत. आणि दोघांच्या मधली बहीण, जिला सगळे आता आत्या म्हणूनच ओळखत, ती वरच्या मजल्यावर काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करी. तीस वर्षं ती तिथे होती. पाण्याची बारीक धार, दगडाची घरघर आणि बोटांच्या रेषांत बसलेला काचेचा पांढरा चिखल. जाताना वडिलांनी सगळं तिघांच्या नावे ठेवलं होतं. दोघं एका बाजूला झाले की तिसऱ्याने मान्य करायचं, एवढीच अट. शहरभर दुकानं असलेल्या त्या कंपनीला ही कोपऱ्यावरची जागा हवी होती, वरच्या मजल्यासकट.

धाकट्यांचं म्हणणं सरळ होतं, की विकून टाकू. सव्वीस वर्षं उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते. "मला एकदा बसून बघायचंय, जग कसं दिसतं ते," असं ते हसत म्हणाले, पण हसत नव्हते. थोरल्यांना काहीच बदलायला नको होतं. आणि आत्या दोघांचं ऐकत, नखाने नखातला चिखल काढत बसली होती.

"ही तिपेडी तीन-तीन विषय शिकते," धाकटे शेवटी म्हणाले. "हिलाच विचारा की. सरकार कसं चालवायचं, बाजार कसा चालतो आणि देव जाणे आणखी काय, सगळं हिच्या पिशवीत आहे."

तिपेडी म्हणजे थोरल्यांची मुलगी. विद्यापीठात राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र असे तिन्ही विषय एकत्र घेतल्यापासून काकांनी तिचं हे नाव पाडलं होतं. मुलगी काय शिकते असं गिऱ्हाईक विचारायचं, थोरले तिन्ही नावं सांगायचे, आणि म्हणजे पुढे नेमकं काय, असं गिऱ्हाइकाने विचारलं की म्हणायचे, अजून नंबर स्थिर व्हायचाय.

ती कालच सुट्टीला आली होती. काका आपल्याला विचारणार हे तिला ठाऊक होतं, आणि आपल्याला उत्तर येणार नाही हेही. दोन वर्षांपूर्वी आलं असतं. अर्थशास्त्राच्या तासाला धरून चालायचं, की आपल्याला काय हवं ते माणसाला ठाऊक असतं. गणित तिथून सुरू व्हायचं. तत्त्वज्ञानाच्या बाई विचारायच्या, हवं असणं आणि बरं असणं हे एकच का? आणि राज्यशास्त्राचे सर म्हणायचे, ते राहू द्या, प्रश्न कोणी विचारला आणि कधी, ते आधी बघा. तिला तिन्ही तास पटायचे. तीच अडचण होती. कोणी साधं चहा घेणार का विचारलं तरी ती क्षणभर थांबायची, आणि मैत्रिणी म्हणायच्या, लागली हिची समाधी.

"मला नाही सांगता येणार, काका," ती म्हणाली.

"मग शिकतेस कशाला?"

यावर कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आईने मान वर करून दिराकडे पाहिलं. आईचा रविवारचा मौनाचा नेम होता. सकाळच्या प्रार्थनेपासून दिवा लावेपर्यंत ती बोलत नसे, बावीस वर्षं. ती बघे मात्र, आणि तिचं बघणं घरात सगळ्यांना वाचता यायचं. धाकट्यांनी नजर खाली घेतली.

तेव्हा थोरल्यांना ती कल्पना सुचली. आयुष्यभर जे केलं तेच करू, असं ते म्हणाले. कोणाच्या डोळ्यांवर एकदम दहा काचा लावतं का कोणी? दोन दोन दाखवायच्या. पहिली बरी की दुसरी? जी बरी ती ठेवायची, तिच्यासमोर पुढची आणायची. पाच मिनिटांत नंबर निघतो. आणि का बरी, हे विचारायचं नाही. कारण विचारलं की माणूस विचार करायला लागतो आणि डोळा बिघडतो.

"पोरीने विचारावं," ते म्हणाले. "तिचा यात हिस्सा नाही. आपण फक्त पहिलं किंवा दुसरं म्हणायचं."

धाकट्यांना हे आवडलं. भाषणं तर टळली.

"दोनच गोष्टी आहेत पण," थोरले म्हणाले. "ठेवायचं की विकायचं."

"तीन आहेत," तिपेडी म्हणाली, आणि आत्याचं नख थांबलं.

सकाळी ती वर गेली होती. आत्याने तिला यंत्राशेजारच्या स्टुलावर बसवून तिच्या चष्म्याच्या ढिल्या दांड्या घट्ट केल्या होत्या, आणि मान खाली घालूनच म्हणाली होती, की खालचं बंद झालं आणि वरचं तेवढं राहिलं, तर वाईट नाही. आताशा दुसरी चार दुकानं काचा तिच्याकडेच पाठवतात. जिन्याला बाहेरून दार आहे. दारावर पाटी लावता येईल. एवढंच बोलून तिने चष्मा उजेडाला धरून पुसला होता. पाटीवर कोणाचं नाव, हे ती बोलली नव्हती.

आता तिपेडीने ती तिसरी गोष्ट सगळ्यांसमोर ठेवली, आपलीच असल्यासारखी. खालचं दुकान बंद करायचं, वर फक्त घासकाम चालू ठेवायचं, बाहेरच्यांसाठी. धाकट्यांनी खांदे उडवले. थोरल्यांनी चष्मा काढून परत लावला.

मग तिने विचारलं. पहिलं, आहे तसं चालू. दुसरं, सगळं विकायचं.

थोरले म्हणाले पहिलं. धाकटे म्हणाले दुसरं. आत्या हळूच म्हणाली पहिलं, कारण विकलं की वरचं यंत्र भंगारात जाणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

म्हणजे आहे तसं उरलं. त्याच्यासमोर तिने तिसरी गोष्ट आणली. पहिलं, आहे तसं. दुसरं, फक्त वरचं.

थोरले म्हणाले पहिलं. आत्या म्हणाली दुसरं, आणि हा शब्द इतका स्वच्छ आला की तिची तीच दचकली. धाकट्यांना वरच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण काउंटर बंद होणार होता. "दुसरं," ते म्हणाले.

झालं. पाच मिनिटंही लागली नाहीत. थोरले तक्त्याकडे बघत म्हणाले, की ठीक आहे, पद्धत आपलीच होती.

*

जेवणं झाल्यावर आत्या वर गेली. काम काही नव्हतं. तिने खिडकी उघडली, मिटली. जिन्याचं बाहेरचं दार गेल्या कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. तिने कडी काढून पाहिली, आणि दार जड जड उघडलं. बाहेर रस्ता होता, तोच, पण तिने तो या दारातून कधी पाहिला नव्हता. पन्नाशी उलटल्यावर असं हरखून जायची तिला लाज वाटली. देवाला हात जोडावे की नको हे तिला कळेना, कारण दादाचा चेहरा तिला दिसत होता. तिने दार लोटून घेतलं, पण कडी घातली नाही.

खाली दुकानामागच्या मोरीपाशी तिपेडी जेवणाची भांडी पुसत होती, आणि एकच बशी तिसऱ्यांदा पुसत होती. तिसरी जोडी विचारलीच नव्हती. फक्त वरचं, की विकायचं? विचारायची गरजही काय होती. वरचं हे आहे तसंपेक्षा बरं ठरलं, आहे तसं हे विकण्यापेक्षा बरं ठरलं, मग वरचं विकण्यापेक्षा बरं असणारच. काचांचं तसंच असतं. पण माणसं तीन असली की तसं असेलच असं नाही. ते ती शिकली होती. परीक्षेत त्यावर तिने दोन पानं लिहिली होती, फळ्यावर काढतात तसे बाण काढून, आणि सरांनी चांगले गुण दिले होते. तेव्हा त्या बाणांना गुडघे नव्हते, नखं नव्हती.

तिसरी गोष्ट आपण शेवटी का ठेवली? ती शेवटी सुचली म्हणून. की शेवटी ठेवलेली जिंकते हे हाताला ठाऊक होतं म्हणून? तिने मनात सकाळपर्यंत मागे जाऊन पाहिलं आणि तिला सांगता येईना. खोटं बोललं की निदान आपण खोटं बोललो हे कळतं. हे त्याहून वाईट होतं.

आईने तिच्या हातातली बशी काढून घेतली.

"आई, मी काहीतरी केलंय बहुतेक," ती म्हणाली. "आणि सांगितलं तर आत्याचं जाईल."

आईने बशी जागेवर ठेवली, पदराला हात पुसले, आणि जिन्याकडे बोट केलं, म्हणजे आधी तिला सांग.

*

अडीच वाजता, तिपेडी आत्याशी बोलून आल्यावर, पुन्हा सगळे त्याच खोलीत. तिपेडीने कोणाकडे न बघता विचारलं. पहिलं, फक्त वरचं. दुसरं, विकायचं.

आत्या म्हणाली पहिलं. धाकटे म्हणाले दुसरं, अर्थात. आणि थोरले म्हणाले, "दुसरं."

ते म्हणाले आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. पण खरं होतं. दुकानच नसेल तर वर बसून काय करायचं, बहिणीच्या यंत्रावर पाणी धरायचं? डोळे तपासणाऱ्याने घासकामाच्या खोलीत पाहुण्यासारखं बसण्यापेक्षा एकदा सगळं देऊन टाकलेलं बरं.

"म्हणजे विकायचं ठरलं," धाकटे म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं.

"पण विकण्यापेक्षा आहे तसं बरं, असं सकाळीच निघालं होतं," थोरले म्हणाले.

"आणि आहे तसंपेक्षा वरचं बरं," आत्या म्हणाली.

"आणि वरच्यापेक्षा विकणं," धाकटे म्हणाले, आणि बोटांवर परत मोजायला लागले.

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून केलं. या वेळी धाकट्यांनी विचारलं, कारण पोरीच्या विचारण्यात गडबड आहे असं त्यांना वाटत होतं. त्यांनी विकणं आणि वरचं आधी घेतलं, विकणं जिंकलं. मग विकण्यासमोर आहे तसं आणलं, आणि आपल्याच तोंडाने आपण हरलो हे पाहून ते काउंटरवर जाऊन पाणी पिऊन आले. पुन्हा केलं. पुन्हा तिसरंच निघालं. कोणीही एकदासुद्धा आपलं उत्तर बदललं नव्हतं.

"मी ज्याला शेवटी ठेवीन ते जिंकतं," तिपेडी म्हणाली. "सकाळी मी आत्याचं शेवटी ठेवलं. मुद्दाम ठेवलं का, ते मला माहीत नाही. पण असं होऊ शकतं हे मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"म्हणजे आम्ही तिघं येडे," धाकटे म्हणाले.

"नाही, काका. तुमचं नीट आहे, बाबांचं नीट आहे, आत्याचं नीट आहे. तिघांचं एकत्र केलं की फिरायला लागतं."

"हे तुला तिथे शिकवतात?"

"फिरतं एवढं शिकवतात."

"आणि थांबवायचं कसं?"

"ते नाही शिकवत." धाकट्यांना राग यायला हवा होता. पुतणीने आपल्याला सकाळी फसवलं होतं. पण त्यांना लहानपणीची ती आठवली, काउंटरखाली बसून चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांची आगगाडी करणारी. पोर आपणहून येऊन सांगत होती, आणि सांगून तिचं काहीच भलं होणार नव्हतं. अशा माणसावर कसं रागवायचं हे त्यांना समजेना, म्हणून ते गुडघा चोळत बसले.

सगळ्यांत जास्त हलले होते ते थोरले. असं गिऱ्हाईक कधीकधी यायचं, की ज्याला पहिलीपेक्षा दुसरी बरी, दुसरीपेक्षा तिसरी, आणि तिसरीपेक्षा परत पहिली. तेव्हा ते काचा पेटीत ठेवून म्हणायचे, डोळा दमलाय, उद्या सकाळी या. पण इथे कोणता डोळा दमला होता? पहिलं की दुसरं, या दोन शब्दांवर त्यांनी आयुष्य काढलं होतं. उत्तर समोरच्याच्या डोळ्यात असतं, आपण फक्त विचारायचं, असं ते समजत आले होते. आता त्यांना वाटायला लागलं, की इतकी वर्षं आपण काय काय शेवटी ठेवलं असेल.

साडेतीन झाले.

"माझं बदल," आत्या म्हणाली. आवाज नेहमीचा होता. "आहे तसं, हे माझं पहिलं. वरचं नंतर. मग बसतं ना?"

तिपेडीने मनात बाण फिरवून पाहिले. बसत होतं. बाबा आणि आत्या, दोन्ही वेळा दोघं. आहे तसं सगळ्यांपुढे जिंकत होतं, कुठूनही विचारलं तरी. खोलीतल्या सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. धाकट्यांनीही उसासा टाकला, की चला, काहीतरी एक झालं. वडिलांच्या आजारपणात असंच झालं होतं, आत्याचं लग्न राहिलं तेव्हाही असंच. घरातलं काही फिरायला लागलं की ती आपलं पहिलं उचलून दुसरं करायची, आणि ते थांबायचं.

"बसतं," तिपेडी म्हणाली.

"वन्सं, नका बदलू."

कोण बोललं हे कळायला सगळ्यांना क्षण लागला. आई दारात उभी होती. बावीस वर्षांत रविवारी दिवसाउजेडी तिचा आवाज या घरात कोणी ऐकला नव्हता. ती तेवढंच बोलली, ओठ मिटले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मोडलेल्या नेमाचं की कशाचं ते तिलाच ठाऊक. तो नेम तिने पुढे सोमवार-मंगळवार धरून भरून काढला.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. नाही बदलत." आणि असं म्हणता येतं याचंच नवल वाटल्यासारखी हाताकडे बघत बसली.

आता परत सगळं फिरत होतं, आणि पावणेचार झाले होते. तिपेडीला एक गोष्ट दिसत होती. बाबांनी आपल्या खालच्या दोन गोष्टी उलट्या केल्या, विकण्यापेक्षा वरचं बरं एवढं जरी म्हटलं, तरी सगळं थांबलं असतं, आणि आत्याचं राहिलं असतं. हे सांगावं का? सांगणं म्हणजे पुन्हा तेच, काच पुढे सरकवणं. न सांगणं म्हणजे आत्याला बुडू देणं. तिन्ही वह्यांत तिने शोधलं. अर्थशास्त्राची वही म्हणाली, त्यांचं त्यांना माहीत आहे. राज्यशास्त्राची म्हणाली, तू गप्प बसलीस तरी ते काहीतरी करणंच आहे. तत्त्वज्ञानाची काही बोलली नाही. ती ओठ आवळून गप्प बसली. बरोबर केलं का, हे तिला पुढेही कधी नीट ठरवता आलं नाही.

थोरले उठले. काचांची पेटी उगाच उघडून त्यांनी बंद केली. मग बहिणीकडे पाठ ठेवूनच विचारलं,

"तुझी ती वरची खोली किती लांब आहे गं?"

"कशाला?"

"तक्त्याला वीस फूट लागतात."

आत्याने थोडा विचार केला. "वीस कुठली. अकराही नसेल."

"आरसा लावला तर दहात भागतं. तक्ता डोक्यामागे लावायचा, समोर आरसा. अंतर दुप्पट होतं." ते वळले. "लोक जिना चढतील का, ते मात्र सांगता येत नाही."

"एक कठडा बसवून घेऊ," आत्या म्हणाली.

"यंत्राचा आवाज होईल."

"तू तपासत असशील तेव्हा बंद ठेवीन."

धाकट्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे आता काय," त्यांनी विचारलं, "पहिलं की दुसरं?" दोघं एकामागून एक जिना चढायला लागले होते, आत्या पुढे. धाकटे सवयीने काउंटरकडे वळले. मग काउंटर आता कोणाचाच नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. ते तपासणीच्या उंच खुर्चीवर चढून बसले, पाय लोंबते सोडून, आणि रिकाम्या दुकानाकडे बघत राहिले.

बरोबर चारला शटरवर टकटक झाली. तिपेडीने ते वर सरकवलं. कंपनीचा माणूस वेळेवर आल्याचा आनंद चेहऱ्यावर ठेवून उभा होता, हातात फाइल.

"ठरलं ना?" त्याने विचारलं.

"तुम्हाला नाही म्हणायचंय, एवढं ठरलंय," ती म्हणाली.

"आणि काय ठरलं?"

तिने वर छताकडे पाहिलं. डोक्यावर, लाकडी जमिनीवरून, थोरले एकेक पाऊल टाकत आकडे मोजत चालले होते. सात. आठ. नऊ. मग ते थांबले, आणि आत्याचा आवाज आला, जरा मोठा, कधी नव्हे तो.

"दादा, पावलं बारीक टाकतोयस. भिंतीपासून परत मोज."